नाशिक पहिल्यांदाच, तेही पायी : सुरुवात कुठून करू?

हळदुली

मंडळी, नमस्कार. मी सांगलीची. नाशिक आजवर वणीला जाताना बसच्या खिडकीतून दिसलं तेवढंच. आता थंडीत नात्यातलं एक लग्न आहे तिकडे, म्हणून लग्नाच्या मागेपुढे थोडा वेळ मोकळा ठेवलाय. उतरणार सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ. बरोबर आई.

आईची यादी तयार आहे: रामकुंड, काळाराम, सीतागुंफा. मला जुनं गाव बघायचंय. घाट, गल्ल्या, बाजार, उरलेसुरले वाडे. नेटवर बघितलं तर 'नाशिक दर्शन'च्या नावाखाली मुक्तिधाम, पांडवलेणी, त्र्यंबक आणि द्राक्षांच्या वायनरी, सगळं गाडीत बसून. नदीकाठचं गाव गाडीतून कळत नाही असं माझं ठाम मत आहे. सांगलीत पाहुणे आले की आम्ही त्यांना गणपतीच्या देवळापासून घाटावर आणि घाटावरून आयर्विन पुलावर चालवत नेतो. ते दमतात, पण गाव लक्षात ठेवतात.

तर सांगा, कुठून कुठे चालू? आईच्या गुडघ्यांना झेपेल असं किती, आणि तिला रिक्षात बसवून मी एकटीने करावं असं किती? यादी नको, वाट सांगा.

निमाणी_स्टँड

वा, देवदर्शनाची यादी न मागणारा पहिलाच पाहुणा! बसतो पुढच्या बाकावर. गंगाघाटवाले, कुठे आहात?

गंगाघाटवाला

आलो भो.

ताई, सुरुवात नदीपलीकडच्या पंचवटीतून करू नका. सगळे तिथेच चुकतात. रिक्षावाला मालेगाव स्टँडला सोडतो, उतार उतरला की रामकुंड, पुन्हा वर चढलं की काळाराम, सीतागुंफा, झालं नाशिक. नदीच्या अलीकडे सगळं मूळ गाव टेकड्यांवर बसलंय हे त्या माणसाच्या गावीही नसतं. 'नाशिक नव टेकांवर वसविले' अशी म्हण आहे आमच्याकडे. जुनी गढी, पठाणपुरा, कोकणीपुरा, जोगवाडा, म्हसरूळ टेक, डिंगर अळी... गाडीत ही टेकं कळत नाहीत, पोटऱ्यांना बरोबर कळतात. आणि रस्ता चुकलात तर कुणाला विचारूसुद्धा नका. उतार धरा, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पोचाल.

आता वाट. सीबीएसवरून चालत रविवार कारंजा. तिथून होळकर पुलाकडे निघालात की पुलाच्या तोंडाशी सुंदरनारायण. परांची बांधलेली असली तर बाहेरून बघा, पण बघा. पूल ओलांडू नका. तिथूनच खाली घाटावर उतरा आणि पाणी डाव्या हाताला ठेवून प्रवाहाबरोबर चालत राहा. वाटेत यशवंतराव महाराजांचं पटांगण, एकमुखी दत्त. समोरच्या काठावर रामकुंड, गांधी तलाव, पुढे नारोशंकराच्या देवळाचा दगडी कोट. हे सगळं आधी *अलीकडून* बघायचं. देवळात शिरल्यावर देऊळ दिसत नाही, देव दिसतो. नारोशंकर तर समोरूनच बघावा.

तिथून वर चढा: सराफ बाजार, सरकारवाडा, दहीपूल, भांडी बाजार. मग परत खाली येऊन रामसेतूवरून पंचवटीत. हा गाड्यांचा पूल नव्हे, पायी जायचा.

आईंसाठी: कपालेश्वराला पायऱ्या पुष्कळ. काळारामाला त्रास नाही. सीतागुंफेत वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं, गुडघे दुखत असतील तर बाहेरच्या वडांपाशी बसवा. पाच वड आहेत, नंबर घातलेले, मोजत बसतील.

पाटीपेन्सिल

वाट बरोबर, वेळ चुकीची. घाट बघायचा तो पहाटे-सकाळी, पूजा, अस्थिविसर्जन, कपडे धुणं, भाजीवाले असं सगळं एकाच वेळी चाललेलं असतं तेव्हा. आणि सराफ बाजार, भांडी बाजार अकराशिवाय उघडत नाहीत. तुमच्या वाटेने सकाळी गेलं तर बाजाराच्या शटरांचं दर्शन होईल आणि दुपारी गेलं तर घाटावर ऊन. दोन तुकडे करा: गाव संध्याकाळी, पंचवटी सकाळी.

थोडा इतिहास जोडतो, कारण समोरून बघताना उपयोगी पडेल. नारोशंकराचं देऊळ १७४७चं, नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेलं. आत रामेश्वर, म्हणजे महादेव, पण त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. कोटावर जी मोठी घंटा आहे ती पोर्तुगीज. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या विजयाची खूण. चर्चची घंटा महादेवाच्या दारात दोन-अडीचशे वर्षं टांगलेली आहे. सुंदरनारायण १७५६चं, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं. काळाराम त्याच शतकाच्या अखेरीचा, सरदार रंगराव ओढेकरांचा, दगड रामशेजच्या डोंगराचा. अर्ध्या शतकात एवढी बांधकामं एका घाटावर झाली, कारण पेशव्यांच्या सरदारांच्या हातात पैसा होता आणि पुण्य गोदावरीवर होतं.

आणि काळारामाला जाल तेव्हा चारही दरवाजे फिरून बघा. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही याच दरवाज्यांवर बसले. तो लढा पाच वर्षं चालला आणि दरवाजे उघडले नाहीत. १९३५च्या ऑक्टोबरात इथून जवळच, येवल्याला, आंबेडकरांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. ओढेकरांच्या दगडी कामाचं कौतुक करताना हे विसरलं जातं.

गंगाघाटवाला

पाटीपेन्सिल, दोन तुकडे मान्य. आमच्या डोक्यात सगळं घरासमोरचंच असतं, कधी उघडतं कधी मिटतं ते विचारात घेत नाही. बुधवार आला तर मात्र घाट सोडू नका ताई. बुधवारचा बाजार थेट घाटावर भरतो. खेड्यापाड्यांतून माल येतो.

अळीतली

जन्म आणि पहिली वीस वर्षं डिंगर अळीत, आता पुण्यात. वाड्याचं विचारलंत म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर वाडे फारसे राहिले नाहीत. आमचा पडला, शेजारचा पाडला. जे आहेत त्यांच्यात भाडेकरू, कोर्टकचेऱ्या आणि कबुतरं. रस्त्यावरून दिसतो तो लाकडी खांबांचा दर्शनी भाग, त्याखाली मोबाईलचं दुकान. पण मान वर करून चाललात तर अजून दिसेल: कोरीव तुळया, सज्जाच्या गजांची नक्षी, वर टांगलेली कुणाची तरी साडी. आत जायचं असेल तर आत बायका दिसतील तिथे सरळ 'बघू का जरा' म्हणा. नाही म्हणत नाहीत. चहाही होतो. आईला बरोबर ठेवा, आई असली की दारं उघडतात.

आणि तिवंधा चौकात उभ्या राहाल तेव्हा खाली बघा. तुमच्या पायांखाली रहाड आहे.

हळदुली

रहाड म्हणजे? आणि सगळ्यांना दंडवत, केवढं लिहिलंत!

अळीतली

दगडी हौद. पेशवाईपासूनचे. वर्षभर वरून फळ्या टाकून, माती-फरशी घालून बंद असतात आणि वरून रिक्षा, स्कूटर, टेंपो जातात. रंगपंचमीच्या आधी उघडतात, साफ करतात, पूजा होते आणि मग त्यात रंगाचं पाणी. पुरुषभर खोल. त्यात धप्पा मारायचा, म्हणजे उडी, अशी की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मानकरी ठरलेले. तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन, पलीकडे पंचवटीत शनी चौक. नाशिकला रंग धुळवडीला नसतो हो, रंगपंचमीला असतो.

रथाचंही सांगून टाकते. चैत्रात कामदा एकादशीला काळारामाचे दोन रथ निघतात, रामरथ आणि गरुडरथ. गरुडरथ नदी ओलांडून गावात येतो, रामरथ ओलांडत नाही. पूजेचे मानकरी रथाकडे तोंड करून उलटे चालतात, सगळा रस्ता. मी लहानपणी रथ बघायला नाही, ते उलटं चालणं बघायला जायचे.

वडापावपुरता

एवढा इतिहास रिकाम्या पोटी? मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा. जिलेबी बुधा हलवाईची. मिसळ मात्र जुन्या गावात शोधू नका, हल्ली तिला शेतात, झाडाखाली, चुलीवर बसून खायची फॅशन आलीय आणि त्यासाठी तुम्हाला गाडी लागेल, जी तुम्ही नाकारलीत.

खडूस_काका

गावात चालायला फुटपाथ आहे का याचं उत्तर एकानेही दिलं नाही. उत्तर: नाही. मेन रोडवर संध्याकाळी सहा ते नऊ चालणं म्हणजे गर्दीने तुम्हाला पुढे नेणं. आईंना तिथे नेऊ नका. पर्स पुढे धरा. पंचवटीत कोणी हात धरून 'पूजा करायची का' म्हणालं तर आधी रक्कम विचारा. हो म्हणण्याआधी, नारळ फोडल्यावर नव्हे.

निमाणी_स्टँड

काका आले, धागा पावन झाला. :)

---

हळदुली

जाऊन आले! फोटो नंतर टाकेन, आधी लिहिते, नाहीतर राहून जाईल.

संध्याकाळचा गावाचा फेरा एकटीने केला. आई लग्नघरी मेंदीला बसली होती. रविवार कारंजा, सुंदरनारायण, खाली घाट. गंगाघाटवाल्यांनी पाणी डावीकडे ठेवा म्हटलं होतं ते इतकं सोपं निघालं की नकाशा उघडलाच नाही. पण घाट मला अपेक्षेपेक्षा वेगळा वाटला. आमच्याकडे कृष्णा खाली, खोलात असते, तुम्ही पुलावरून तिच्याकडे बघता. इथे नदी पायांच्या पातळीला आहे. चार पायऱ्या उतरलं की पाणी, आणि कुंडांमधून इकडून तिकडे चालत जाता येतं. मुलं सायकल चालवत होती अगदी पाण्याच्या कडेला. एक आजोबा घाटाच्या कठड्यावर लसूण वाळत घालून तिथेच पेपर वाचत होते.

आणि दुतोंड्या मारुती! त्याचं कुणीच सांगितलं नव्हतं तुम्ही! भलामोठा शेंदरी मारुती, दोन्हीकडे तोंड, नदीच्या पात्रातच उभा. त्याच्या पायाशी भेळेची गाडी. मी भेळ घेतली आणि भेळवाल्याला विचारलं, पावसाळ्यात काय करता? तो म्हणाला, "मारुतीच्या गुडघ्याला पाणी आलं की गाडी वर नेतो. कमरेला आलं की वरची दुकानं आवरतात. छातीला आलं की टीव्हीवाले येतात."

आम्ही सांगलीचे लोक आयर्विनवरचे फूट मोजत जगतो. २०१९च्या ऑगस्टात सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं पाणी, आमच्या गल्लीत नाव फिरत होती. त्यामुळे हा हिशोब मला एका क्षणात कळला. दुसऱ्या गावात आपली भाषा बोलणारं कुणीतरी भेटावं तसं झालं.

वर सराफ बाजारात मी दुकानांपेक्षा पायऱ्याच बघत होते. जवळजवळ प्रत्येक जुन्या दुकानाला तीन-चार पायऱ्या, काही ठिकाणी चांगल्या पाच, आणि जुनी कपाटं जमिनीला न टेकवता उंच ओट्यावर. सरकारवाडा समोर आला तेव्हा तर लांबलचक दगडी पायऱ्याच. हे सगळं पुराला धरूनच बांधलंय ना, की माझ्या डोक्यात पूर बसलाय म्हणून मला तसं दिसतं?

भांडी बाजारात एक तांब्याचा बंब घेतला. म्हणजे घेतला नाही, किंमत विचारली, हात फिरवला, ठेवून दिला. नेणार कसा सांगलीला! शेजारच्या बोळात मागच्या बाजूला ठोके चालू होते. एक माणूस घागरीच्या गळ्यावर हातोडी मारत होता, प्रत्येक ठोक्यानंतर घागर बोटभर फिरवायची, पुन्हा ठोका. ठशांच्या ओळी इतक्या सारख्या, की मला वाटलं साचा असेल. साचा नव्हता. त्याने मान वर केली नाही, मीही काही विचारलं नाही.

तिवंध्याला खाली बघितलं. चौकाच्या मधोमध फरशीचा एक चौकोन बाकी रस्त्यापेक्षा वेगळा. त्यावर दोन स्कूटर लावलेल्या. शेजारच्या पानवाल्याला 'रहाड हीच का' विचारलं तर त्याने ऐटीत पायाने ठोकून दाखवलं.

सकाळी आईला घेऊन पंचवटी. खडूस काकांचा सल्ला लक्षात ठेवून मी तयारीत होते, पण रामकुंडावर जे घडलं त्याची तयारी नव्हती. एका गुरुजींनी गाव विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, "तुमचे उपाध्ये आम्ही नाही, ते त्या बाजूला बसतात." आणि खरंच, त्या बाजूच्या घरात एक लांबट, लाल कापडात बांधलेली वही निघाली. पानं उलटत उलटत त्यांनी आमचं मूळ गाव काढलं (सांगली नाही, त्याच्याही आधीचं, जे घरात फक्त आजी बोलायची), आणि त्याखाली आईच्या सासऱ्यांचे वडील. त्यांच्या हातची सही मोडीत. आईने सासरेही फोटोतच बघितलेले. ती त्या सहीवर बोट न टेकवता वरच्या वर फिरवत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "पूजा करून टाकू या." रक्कम आधी विचारली, काका!

मग खाली आमचीही नावं लिहिली गेली. माझं नाव सांगताना माहेरचं की सासरचं यावर आई आणि गुरुजींची छोटीशी चर्चा झाली. दोन्ही लिहिलं.

काळारामाचे चारही दरवाजे फिरले. पाटीपेन्सिल, धन्यवाद. आई पूर्वेच्या दरवाज्यापाशी ओट्यावर बसली होती, तिला मी सत्याग्रहाचं सांगितलं. तिला माहीत होतं, शाळेत शिकवायची ती. म्हणाली, "धड्यात होतं, पण दरवाजा एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं."

गुंफेत मी एकटी उतरले. आईने वड मोजले.

पाटीपेन्सिल

धाग्याचं सार्थक झालं. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर कुणीतरी सलग काम करायला हवं. गाव-आडनावावरून त्या ज्या पद्धतीने लावलेल्या असतात ती एक स्वतंत्र विद्या आहे.

पायऱ्यांबद्दल: तुमच्या डोक्यात पूर बसलाय हेही खरं आणि पायऱ्या पुरासाठी आहेत हेही खरं. सराफ बाजाराला पाणी दोन बाजूंनी येतं. समोरून गोदावरी, आणि दहीपुलाच्या खालून सरस्वती नाला. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, ते बाजारात पसरतं. म्हणून नदीपासून लांब वाटणाऱ्या दुकानांतही पाणी शिरतं. तुम्ही दहीपुलावरून गेलात, पण पूल आहे हे जाणवलं नसेल. वरून नुसता रस्ता आहे.

गंगाघाटवाला

दुतोंड्या मारुतीचं सांगितलं नाही कारण... तो काय सांगायचा! सूर्य उगवतो हे सांगतो का आपण?

माझ्या वडिलांच्या तोंडी १९६९चा पूर. त्यांच्या मते त्यानंतर आलेले सगळे पूर म्हणजे लहान मुलांचे खेळ. मी स्वतः २००८चा बघितला, मग २०१६, २०१९. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी पेपरात पहिल्यांदा वाचतात ते होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी जातंय. गंगापूर धरणातून किती सोडलं ते दुसरं. कारण मधल्या पट्ट्यात शहराचं पाणी येऊन मिळतं, ते धरणाच्या आकड्यात नसतं.

खडूस_काका

नदी पायांच्या पातळीला आहे म्हणून ताई खूश झाल्या. ती तशी का आहे तेही ऐका. ते पात्र नाही, काँक्रीट आहे. कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलंय, गर्दीला उभं राहायला सोपं म्हणून. जुने लोक सांगतात की कुंडांमध्ये स्वतःचे झरे होते. आता उन्हाळ्यात धरणातून सोडलं तर पाणी, नाहीतर साचलेलं. सायकल चालवायला छान.

गंगाघाटवाला

काका, हे खरं आहे, पण अर्धं. गर्दीला जागा लागतेच. सिंहस्थात वैष्णव आखाडे इथे रामकुंडावर येतात, शैव त्र्यंबकला जातात, आणि त्यांच्या मागे लाखोंनी माणूस. २००३ला २७ ऑगस्टला सरदार चौकाच्या उतारावर काय झालं ते तुम्ही विसरलात का? काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणारी ती गल्ली. ताई कालच तिथून चालल्या असतील, त्यांना विचारा किती रुंद आहे.

हळदुली

दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं, एवढी. आम्ही उतरत होतो तेव्हा एक बैल मधे उभा होता आणि दोन्ही बाजूंची माणसं शांतपणे त्याचा निर्णय होईपर्यंत थांबली होती. २००३ची चेंगराचेंगरी तिथली हे मला माहीत नव्हतं.

खडूस_काका

विसरलो नाही. माझा पुतण्या त्या दिवशी तिथे स्वयंसेवक होता. पण उत्तर उतारावर शोधायला हवं होतं, नदीच्या तळाशी नाही. आता २०२७साठी पुन्हा खोदाखोदी चालू आहे. बघू या वेळी काय ओततात.

पाटीपेन्सिल

कुंडांचं काँक्रीट काढून झरे मोकळे करावेत ही मागणी गावातल्याच लोकांनी लावून धरलेली आहे. कोर्टातही गेली. म्हणजे गाव झोपलेलं नाही.

विषयांतर टाळून: हळदुली, पुन्हा आलात तर घाटाने प्रवाहाबरोबर आणखी खाली जा. गाडगे महाराज पुलाच्या पुढे डाव्या काठावर, म्हणजे पंचवटीच्या बाजूला, टाळकुटेश्वराचं देऊळ. अलीकडच्या काठावर मातीचा मोठा उंचवटा दिसेल, जुनी गढी, हल्ली काझीची गढी म्हणतात. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं, त्याच सुमाराला संगमनेरजवळ जोर्व्यालाही. घाटावरची देवळं बघून नाशिक पेशवाईचं वाटतं, पण खाली सातवाहन आणि त्याच्याही मागचे थर आहेत. लांबून, पुलावरून बघा. वर चढू नका. पावसाळ्यात कडा ढासळते, आणि वर लोक राहतात, त्यांच्यासाठी ते प्रेक्षणीय स्थळ नाही.

अळीतली

हळदुली, वहीत नावं लिहून घेतलीत ते फार बरं केलंत. आम्ही नाशिकचे, त्यामुळे आमचं नाव कुठल्याच वहीत नाही. :(

आणि त्या बंबाचं मनाला लावून घेऊ नका. आमच्या आईचा तिथलाच आहे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत तुळस लावलीय त्यात.

गावभर_भटक्या

नुकताच सभासद झालोय. वाचनखूण साठवली. एक शंका: मला दोन लहान मुलं घेऊन जायचंय, एक ढकलगाडीत. घाटावरून चालण्याचा हा रस्ता ढकलगाडीने होईल का? आणि रंगपंचमीला बाहेरच्या माणसाला रहाडीत उतरू देतात का?

हळदुली

घाटाचा सपाट भाग होईल, उतरायच्या-चढायच्या पायऱ्यांना गाडी उचलावी लागेल. गावातले चढ जमतील, गर्दी जमणार नाही. मुलांना मारुतीपाशी सोडा, तिथे ती रमतील.

गंगाघाटवाला

ढकलगाडी असेल तर मालेगाव स्टँडच्या बाजूने उतरा, उताराचा रस्ता आहे. (हो, मीच म्हटलं होतं पंचवटीतून सुरू करू नका. मुलं आहेत म्हणून माफ.)

रहाडीत देतात की. तिवंध्याला या दुपारनंतर. जुने कपडे, चप्पल-मोबाईल लॉजवर. काठावर रांग असते, नंबर आला की मागे बघायचं नाही, धप्पा मारायचा आणि लगेच बाजूला सरकून चढायचं, कारण वरून पुढचा येतच असतो. पोहता येत नसेल तर कडेच्या पोरांना आधी सांगा, ती धरतात. लहान मुलांना आत नाही, काठावर उभी केली तरी रंगतातच. आणि राहायची सोय आठवडाभर आधी करून ठेवा.

वडापावपुरता

आणि नंतर जिलेबी. ओल्या कपड्यांत गरम जिलेबी.